गाडी आपली, नंबर पाठ

वाचकाचं पत्र:

ताई, जालन्यात आमचा छोटा ट्रान्सपोर्ट आहे. दोन दहा चाकी, एक सहा चाकी आणि एक पिकअप. वडिलांनी सुरू केला, तीन वर्षांपासून मी बघतो. एमआयडीसीतली सळई पुणे-नाशिककडं जाते, येताना भंगार किंवा मिळेल तो माल. आमचे अण्णा बावीस वर्षांपासून गाडीवर आहेत. वय ५४. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याच केबिनमध्ये झोपायचो. त्यांचं हेवी लायसन दोन महिन्यांनी संपतंय. त्यांना शुगर आहे. हल्ली क्लिनर सांगतो की रात्री समोरून गाडी आली की अण्णा एकदम हळू होतात, म्हणतात लाईट फुटते. मला स्वतः त्यांनी काही सांगितलेलं नाही. एजंट म्हणतो, डॉक्टरकडं कशाला नेता, मेडिकलचा कागद मी आणून देतो. अण्णांना विचारावं तर त्यांना वाटेल की पोरगं मला काढायला निघालं. चाळीस हजारांची उचलही आहे त्यांच्याकडं. आणखी एक, परवाच कळलं की अण्णा थकले की सरळ रस्त्याला क्लिनरच गाडी चालवतो. तो २१ वर्षांचा आहे, लायसन नाही. काय करू? आणि चार गाड्यांचे कागद सांभाळायची तुमची काही पद्धत असेल तर तीही सांगा.
एक वाचक, जालना

भाऊ,

एजंटाचं तुम्ही आधी लिहिलंय आणि क्लिनरचं शेवटी, जाता जाता. मी उलट्या क्रमानं घेते, कारण क्लिनरचा प्रश्न आज रात्रीचा आहे. गाडी भरून निघणार असेल तर हे वाचून झाल्यावर फोन करा आणि दोघांनाही सांगा की पोरानं स्टेअरिंगला हात लावायचा नाही. अण्णांना झोप आली तर गाडी ढाब्यावर उभी राहू द्या. माल दुपारी पोचेल, पार्टी ओरडेल. ओरडू द्या.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम ५ थेट मालकाला उद्देशून आहे: लायसन नसलेल्याला गाडी चालवू द्यायची नाही. दिली तर कलम १८० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. चालवणाऱ्याचा दंड वेगळा. पाच हजाराचा आकडा ऐकून आपल्याकडं लोक हसतात, एका ट्रिपची खर्ची त्याहून जास्त असते. खरा खड्डा पुढं आहे. त्या पोराच्या हातून कुणाचा जीव गेला तर विमा कंपनी अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणात पहिल्यांदा हेच म्हणते की चालवणाऱ्याकडं लायसन नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये स्वरणसिंग प्रकरणात याची वाट घालून दिली. मेलेल्याच्या घरच्यांचे पैसे अडू नयेत म्हणून कंपनीला आधी भरायला सांगता येतं, आणि मालकानं जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं असा माणूस गाडीवर बसू दिला असेल तर ती रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करते. ‘मला माहीत नव्हतं’ हे तुम्हाला परवापर्यंत म्हणता आलं असतं. आता तुम्ही मलाच लिहून कळवलंय.

पण त्या पोरावर हात उगारू नका. अण्णांचा जीव राखायला तो बसला होता, त्याला दुसरं काय सुचणार? त्याला रांगेत लावा. आधी एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन काढा. ते हातात येऊन एक वर्ष झालं की ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन काढता येतं, त्याला वय २० पुरतं. शाळा सातवीत सोडली असेल तरी अडत नाही, आठवी पासची अट २०१९ मध्येच गेली. कित्येक मालकांना हे अजून माहीत नाही, ‘शिकलेला नाही, लायसन कसं निघणार’ म्हणून पोरं क्लिनरचीच राहतात. दुसरा फायदा म्हणजे ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलंय की साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी एलएमव्ही लायसनवर चालते, वेगळा शेरा लागत नाही. तुमची पिकअप त्यात आरामात बसते. म्हणजे पक्कं लायसन आल्या दिवसापासून पोरगा गावातल्या फेऱ्या मारू शकतो. दहा चाकीला मात्र नाही. तिला हेवीच लागतं.

आता एजंट. तो जो कागद आणून देतो म्हणतोय तो फॉर्म १-अ. ट्रान्सपोर्टचं लायसन असेल किंवा वय चाळीसच्या पुढं असेल तर हा नोंदणीकृत डॉक्टरचा दाखला लागतो. त्याच्या जोडीला फॉर्म १ असतो. तो चालकानं स्वतः लिहून द्यायचा: मला फिट येत नाहीत, अचानक शुद्ध जात नाही, चक्कर येत नाही, रातांधळेपणा नाही, पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते. खाली सही अण्णांची. डॉक्टरच्या फॉर्मवर फोटो लागतो, आणि डॉक्टर लिहून देतो की नजरेत दोष आहे की नाही, असला तर चष्म्यानं भरून निघालाय का, रंग कितपत ओळखता येतात, पंचवीस मीटरवरची पाटी चांगल्या उजेडात दिसते का, ऐकू किती येतं, रात्री दिसतं का, हातापायात काही व्यंग आहे का. माणूस न बघता हे लिहिलं तर तो खोटा दाखला झाला. त्याची फौजदारी झाली तर एजंट सापडत नाही. सही अण्णांची असते आणि गाडी तुमची.

मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट खुपते. अण्णांच्या तोंडून जे निघत नाही ते तुम्हाला कळण्याची पाच वर्षांत एकदाच येणारी सोय आहे ही, आणि तीच तुम्ही पाचशे-हजाराला विकायला निघालात.

घाई करायचंही कारण नाही. ट्रान्सपोर्ट लायसन पाच वर्षांचं असतं आणि नूतनीकरणाचा अर्ज संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. संपल्यावरही एक वर्षाच्या आत अर्ज केला तर पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. पूर्वी तारीख उलटल्यावर तीस दिवसांची सवलत असायची, ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली. म्हणजे ज्या दिवशी संपलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी चालवायची नाही. तेव्हा डोळ्यांच्या कामात दोन महिने गेले आणि लायसन थोडं उशिरा झालं, तरी नुकसान एवढंच की तेवढे दिवस अण्णा गाडीवर नसतील आणि थोडं विलंब शुल्क भरावं लागेल. एजंट उशिराची भीती घालत असेल तर ती त्याच्या धंद्याची आहे.

पंचवीस मीटरवरच्या पाटीची आमच्या घरची एक गोष्ट सांगते. लातूरला आमच्या दोन गाड्या होत्या, तूरडाळ आणि सोयाबीन नेणाऱ्या. चालवायचे ते दादा आमच्या यजमानांपेक्षा वयानं मोठे. लायसनची वेळ आली तेव्हा यजमान म्हणाले, दवाखान्यात जायच्या आधी आपणच बघू. वखारीच्या आवारात पावलं मोजली. पंचवीस मीटर म्हणजे मोठ्या माणसाची तेहेतीस-चौतीस पावलं. दादा तिथं उभे राहिले आणि समोरच्या गाडीचा नंबर धडाधड वाचून मोकळे झाले. आम्ही खूश. मी तर चहा टाकला. चारच दिवसांनी मार्केट यार्डात गाडी मागं घेताना त्यांनी सिमेंटचा खांब घासला, भर दुपारी. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की समोर उभी होती ती गाडी आमचीच. बारा वर्षं तीच चालवत होते, नंबर तोंडपाठ. मग परराज्यातून आलेल्या एका गाडीपुढं उभं केलं. पाटी एपीची आहे की केएची, इथूनच अडलं. दादांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, ‘वहिनी, ऊन लई हाय आज.’

म्हणून अण्णांना तपासाल तर परक्या गाडीवर तपासा. एक एक डोळा झाकून वाचायला लावा, कारण फॉर्म १ मध्ये प्रत्येक डोळ्याबद्दल विचारलंय. धड असलेला डोळा दुसऱ्याची बाजू वर्षानुवर्षं सांभाळून घेतो. आणि हे आवारातलं बघणं म्हणजे तपासणी नव्हे. फॉर्म विचारतो ते चांगल्या उजेडातलं. तुमच्या अण्णांची अडचण अंधारातली आहे.

‘लाईट फुटते’ हे शब्द डोळ्यांच्या डॉक्टरला जसेच्या तसे सांगा. या वयात असं होण्याचं नेहमीचं कारण मोतीबिंदू. दिवसा बरं दिसतं आणि रात्री समोरचा दिवा पसरतो, त्याच्याभोवती गोल कडं दिसतं. पण अण्णांना शुगर आहे, त्यामुळं डोळ्याच्या मागच्या पडद्यालाही धक्का बसलेला असू शकतो, आणि तो सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, कळतच नाही. म्हणून नुसता चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका. थेंब टाकून, बाहुली मोठी करून पडदा बघायला सांगा. शुगरवाल्यांनी हे वर्षाला एकदा करायचंच असतं. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असतात, सुरुवातीची नजर तिथंही तपासून होते. पुढचं काही निघालं तर जिल्हा रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. ती करायची ठरली तर महिना-सव्वा महिना अण्णा मोठ्या गाडीपासून लांब राहतील असं धरून चाला, परत कधी बसायचं ते डॉक्टर सांगतील.

शुगरचं दुसरंही एक अंग आहे आणि ते मला डोळ्यांपेक्षा जास्त भिववतं. साखर वाढलेली असते तेव्हा माणूस हळूहळू झिजतो. ती एकदम खाली येते तेव्हा मात्र पाच मिनिटांत घाम फुटतो, हात थरथरतात, समोरचं कळेनासं होतं. इन्सुलिन घेणाऱ्याला हे होऊ शकतं, आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनीही होतं. नुसत्या मेटफॉर्मिननं सहसा होत नाही. आता आपल्या चालकाचा दिवस बघा. गोळी सकाळी घेतली, माल भरायच्या रांगेत जेवण राहिलं, वजनकाट्यावर दोन तास गेले, मग ‘पुढं ढाब्यावर जेवू’ म्हणत गाडी काढली. आमच्या दादांच्या गाडीतला पुढचा खण एकदा मी स्वतः आवरायला घेतला होता. पावत्या, तंबाखूची पुडी, उदबत्तीचा पुडा, आणि सगळ्यात खाली रबर लावलेली गोळ्यांची पाकिटं, शेजारी मूठभर लिमलेटच्या गोळ्या. लिमलेट कशाला, हे मला तेव्हा कळलं नाही. त्यांना बरोबर माहीत होतं. वर्षभर ते एकटेच ते सांभाळत गाडी चालवत होते, घरी मुलगी लग्नाची होती.

अण्णांच्या खणातही बघा, पण त्यांच्या देखत. कुठली गोळी चालू आहे ते फिजिशियनला दाखवा. केबिनमध्ये एक ग्लुकोमीटर ठेवा. ७० च्या खाली साखर म्हणजे गाडी बाजूला, आधी साखर पोटात, परत मोजायचं, आणि पूर्ण बरं वाटल्यावरही लगेच निघायचं नाही. जेवणाची वेळ ठरवायची ती अण्णांनी नव्हे, तुम्ही. माल भरणाऱ्याला सांगा, चालक जेवल्याशिवाय गाडी निघणार नाही. आणि हो, सर्दी-खोकल्याच्या गोळ्या. मेडिकलवाल्याकडून दोन रुपयांना मिळणाऱ्या कित्येक गोळ्या गुंगी आणतात. चालक म्हणून सांगितलं तर डॉक्टर गुंगी न आणणारी देतात, पण सांगावं लागतं.

क्लिनरला आणखी एक विचारा: कोण घोरतो, आणि घोरता घोरता कोणाचा श्वास मधेच अडकतो? हसू नका. अशा माणसाची रात्रीची झोप झोपच नसते, आणि दिवसा सरळ रस्त्याला त्याचे डोळे मिटतात. समृद्धीसारख्या सरळ रस्त्यावर तर वळण नाही, खड्डा नाही, जागं ठेवायला काहीच नाही. तो घोरणारा चालकही डॉक्टरकडं न्यायचा.

जाता जाता कायद्याचं. शरीरानं किंवा मनानं धड नसल्याचं माहीत असून गाडी चालवली तर कलम १८६: पहिल्यांदा १,००० रुपये, पुढच्या वेळी २,०००. आजारपणामुळं माणूस गाडी चालवायला धोक्याचा आहे असं वाटलं तर कलम १६ खाली लायसन रद्दही होतं. रंगांबद्दल चालक उगाच घाबरतात, म्हणून सांगते. २०२० पासून सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असला तरी लायसन मिळतं, तीव्र असेल तर अडतं.

थकव्याचं बोलल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. कारण अण्णा थकतात म्हणून पोरगं स्टेअरिंगवर बसतं, आणि अण्णा थकतात ते तुमच्या फेऱ्यांमुळं. रागावू नका. चालकाच्या तासांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ आहे, ते १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याकडं बोट दाखवतं: दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, आठवड्यात एक दिवस सुट्टी. तो जुना कायदा आता नव्या कामगार संहितेत गेलाय, पण दिवसाचे आठ तास तिथंही आहेत. दिवसभर एमआयडीसीत भरायला थांबायचं, रात्री अकराला निघायचं, तीनेकशे किलोमीटर तोडून पहाटे पुण्यात, रिकामं करून परत भंगार भरायचं. यात आठ तास कुठं बसतात ते एका कागदावर मांडून बघा. भरायला थांबलेली वेळ म्हणजे आराम नव्हे, मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमध्ये तर नव्हेच. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, पण तुमच्या गाड्यांना काय उपयोग! गाडी भरेपर्यंत अण्णांनी घरी जाऊन झोपायचं आणि भरून घ्यायला तुम्ही किंवा क्लिनरनं उभं राहायचं, एवढी एक गोष्ट बदलली तरी रात्रीचा माणूस वेगळा असतो.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण ते अवघड नाही, फक्त कंटाळवाणं आहे. मी एक लांब वही ठेवायचे. गाड्यांची पानं वेगळी, माणसांची वेगळी. माणसाच्या पानावर लायसनचा नंबर, प्रकार, दोन वेगवेगळ्या तारखा (ट्रान्सपोर्टची आणि साध्या वाहनाची, त्या एक नसतात, लोक लांबची तारीख बघून निवांत राहतात), डोळे कधी तपासले, चष्मा आहे का, घरच्यांचा फोन. नवा चालक आला की लायसन हातात घेऊन बघायचं, त्याचा नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघायचा, आणि त्याला शेजारी बसून दहा किलोमीटर गाडी चालवायला लावायची. पुढं कोर्टात ‘मी काळजी घेतली होती’ म्हणायला हेच लागतं.

गाडीच्या पानावर फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला), विमा, परमिट, टॅक्स, पीयूसी. नव्या गाडीचं फिटनेस दोन वर्षांचं, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दर वर्षी. फिटनेस संपलेली गाडी कायद्याच्या नजरेत नोंदणीच नसलेली गाडी असते, पहिल्या वेळी दंड दोन ते पाच हजार. परमिट नसेल तर दहा हजार आणि कैदही होऊ शकते. पिकअपचं एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असेल तर तिला परमिट लागत नाही, आरसी काढून बघा. पीयूसी बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना वर्षाची, त्याआधीच्यांना सहा महिन्यांची. विम्याच्या पॉलिसीत चालक आणि क्लिनर दोघं धरलेत का, हे एजंटाला तोंडी न विचारता पॉलिसीवर वाचून घ्या. आणि प्रत्येक तारखेच्या पंचेचाळीस दिवस आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं खूण. मोबाइलमध्ये लावलेला गजर माणूस बंद करतो, भिंतीवरची खूण घरातली सगळी माणसं बघतात. आमच्याकडं तर सासूबाईंनीच दोनदा फिटनेसची आठवण केली होती.

तुमची सळई आहे म्हणून एक जास्तीचं. चाळीस फुटी सळई दुमडून भरतात ते ठीक, पण टोकं फाळक्याच्या, म्हणजे गाडीच्या मागच्या फळीच्या, बाहेर एक वीतही दिसता कामा नयेत. बाहेर आलेल्या मालाला वीस हजार दंड आहे, आणि माल उतरवून घ्यायचा खर्च वेगळा. जास्त वजनालाही वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. भरून देणारा कारखाना ‘चालतंय की’ म्हणतो, दंडाची पावती मात्र गाडीच्या नावानं फाटते. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती टोकं रात्री दिसत नाहीत, हे तुम्हाला जालन्यात राहून मी काय सांगायचं.

आता अण्णांशी बोलायचं कसं. तुम्ही लिहिलंय की त्यांना वाटेल पोरगं मला काढायला निघालं. वाटेलच. फेरीवर पैसे मिळणारा माणूस आजार लपवतो, कारण आजार सांगितला की फेरी जाते, आणि फेरी गेली की मालक उचल मागतो, हे त्यानं दहा पेढ्यांवर बघितलेलं असतं. म्हणून डोळ्यांचा विषय काढायच्या आधी पैशाचा काढा. सरळ सांगा की अण्णा, उचलीचं या वर्षी नाव काढायचं नाही. डोळ्यांचं काही निघालं तर बरे होईपर्यंत महिन्याला अमुक इतके घरपोच मिळतील. आकडा आधी ठरवून मगच बोला, ‘बघू काहीतरी’ म्हणू नका. जालना-संभाजीनगर साठेक किलोमीटर, दिवसाउजेडी जाऊन येणं. डॉक्टरनं दिवसाची परवानगी दिली तर तीच फेरी त्यांची, नाही दिली तर काट्यावर आणि भरून घ्यायला त्यांच्यासारखा माणूस तुम्हाला सापडणार नाही. पोराला गाडी शिकवायलाही तेच हवेत. आणि डॉक्टरनं कायमचं नको म्हटलं, तर नकोच. मग अण्णा हात जोडोत की तुमचे वडील मधे पडोत, चावी द्यायची नाही. हेही त्यांना आधीच सांगून ठेवा, नंतर सांगितलं तर तो दगा वाटतो.

एकट्या अण्णांना नेऊ नका. सगळे चालक, क्लिनर आणि तुम्ही, एकाच दिवशी सगळ्यांनी डोळे, शुगर आणि बीपी तपासून घ्या, खर्च तुमचा. पहिला नंबर तुम्ही लावा, तुमचा रिपोर्ट सगळ्यांसमोर उघडा. चौतीस-पस्तिशीत आपल्याकडं कितीतरी जणांचं बीपी वाढलेलं निघतं, तुमचं निघालं तर अण्णांचं अर्धं ओझं तिथंच उतरेल. वडिलांना बरोबर घ्या. बावीस वर्षं अण्णा त्यांच्या शब्दावर गाडी काढत आलेत, डोळ्यात थेंब टाकून बाकावर बसतील तेव्हा शेजारी त्यांना बसू द्या. थेंबानंतर काही तास धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही. घरी येताना गाडी तुम्ही चालवा.

तुमची,
ताई